बैठकीनंतरची बैठक

मे महिन्यातले चंद्रपूर. सायंकाळचे पाच वाजले तरी पारा चव्वेचाळिसाच्या खाली उतरायला राजी नाही. अशा वेळी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषय एकच : पावसाळ्यापूर्वी छपराची दुरुस्ती. निमंत्रणपत्रात 'ठीक पाच वाजता' असे छापले होते. ठीक पाच वाजता तेथे तीन माणसे हजर होती. किल्ली घेऊन आलेला शिपाई, मी, आणि एक निवृत्त लेखापाल. हे गृहस्थ घरचा कूलर बिघडल्यामुळे साडेचारलाच येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले होते. पाच वीसला चौथे सदस्य आले आणि "अजून कोणीच नाही?" असे म्हणून त्यांनी आम्हा तिघांना शून्यात जमा केले. पावणेसहाला अध्यक्ष आले. ते उशिरा आले असे म्हणता येणार नाही. सर्व जमल्याशिवाय अध्यक्षाने येऊ नये, या संकेताचे त्यांनी पालन केले होते. इकडे अध्यक्ष आल्याशिवाय आत जाऊन करायचे काय, या विचाराने उरलेले आठ जण समोरच्या पानठेल्यावर उभे होते. वेळेवर आलेला तेवढा मूर्ख ठरला.

मागील बैठकीचे इतिवृत्त वाचायला घेतले. ते निम्मे झाले असेल, तोच नववे गृहस्थ आले. बसता बसता म्हणाले, "चालू द्या, चालू द्या", आणि बसल्यावर म्हणाले, "पण आतापर्यंत काय झालं?" आतापर्यंत काय झाले ते त्यांना सांगण्यात दहा मिनिटे गेली. तेवढ्यात कोणाचा तरी भ्रमणध्वनी वाजला. त्यावर ज्या आवाजात "मी बैठकीत आहे" असे सांगण्यात आले, तो आवाज पाहता यंत्राची काही गरज नव्हती. पलीकडचा माणूस बल्लारपुरात असता तरी त्याला ऐकू गेले असते. मग एका ज्येष्ठांनी अध्यक्षांच्या परवानगीने 'फक्त दोन मिनिटे' मागितली. ही दोन मिनिटे वाचनालयाच्या पायाभरणीपासून सुरू झाली. कोनशिलेचा दगड कोणी दिला, उद्घाटनाच्या दिवशी कोणत्या मंत्र्यांना ताप आला होता, हे सर्व यथास्थित झाले. छप्पर मात्र त्या कथेत शेवटपर्यंत आले नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बैठकांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते म्हणजे खर्रा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात आणि ती गोळी गालात धरून ठेवतात. खर्रा तोंडात असलेला सदस्य बैठकीतील सर्वांत सज्जन माणूस भासतो. तो कोणाला मध्येच तोडत नाही, प्रत्येक मुद्द्यावर गंभीरपणे मान हलवतो. अध्यक्षांनी त्याला नाव घेऊन मत विचारले की तो हाताने 'एक मिनिट' अशी खूण करून बाहेर जातो आणि मतदान आटोपल्यावर परत येतो. त्याच्या आरोग्याची चिंता डॉक्टरांनी करावी. आमच्या सार्वजनिक जीवनात मौनाचे याहून सोयीचे साधन निघालेले नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

तर, सव्वासातला छपराच्या दुरुस्तीचा ठराव 'एकमताने' मंजूर झाला. चहा झाला. आणि मग पानठेल्यावर खरी बैठक सुरू झाली.

या दुसऱ्या बैठकीला निमंत्रण नव्हते, अध्यक्ष नव्हते. तरी ती वेळेवर सुरू झाली आणि कोणी आळीपाळी न मोडता बोलले. "तुमचं बरोबर आहे भाऊ, पण मी काय म्हणतो, हा कंत्राटदार कोणाचा माणूस आहे?" आत दीड तास ज्यांनी मान हलवली होती, त्यांनी बाहेर दहा मिनिटांत ठरावाची खांडोळी केली. कंत्राटदारावरचा आक्षेप कदाचित खराही असेल. तो आत मांडला गेला असता, तर दुसरी निविदा मागवता आली असती. बाहेर मांडला गेल्यामुळे झाले इतकेच, की चिटणीसांच्या कानी तो तिसऱ्या तोंडाने पोहोचला, ते दुखावले आणि कामाचा कागद पुढे सरकलाच नाही. जुलैत पाऊस लागला. तीन कपाटे भिजली. त्यांतल्या एका कपाटात एका दिवंगत शिक्षकांनी आयुष्यभर जमवून वाचनालयाला दिलेले मासिकांचे बांधीव अंक होते. पाने एकमेकांना अशी चिकटली, की शेवटी ते अंक विटांसारखे उचलून बाहेर नेले. पुढच्या बैठकीत याबद्दल दुःखाचा ठराव झाला. तोही एकमतानेच.

उशीर, भ्रमणध्वनी, दोन मिनिटांचे भाषण हे बैठकीतील किरकोळ अपराध आहेत. त्यांवर हसावे आणि सोडून द्यावे. ज्याने संस्था मरतात तो अपराध वेगळा आहे. जेथे बोलायचे तेथे गप्प बसणे आणि जेथे गप्प बसायचे तेथे बोलणे. यात सभ्यपणाचा आव असतो, म्हणून त्याला कोणी अपराध म्हणत नाही. "उगाच वाईटपणा कशाला घ्या" हे वाक्य आमच्या मध्यमवर्गाने सुविचाराच्या फळ्यावर लिहावे इतके आपलेसे केले आहे. कुरुसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा भीष्म-द्रोणांसारखे वडीलधारे उपस्थित होते. आजच्या भाषेत सांगायचे तर कोरम पूर्ण होता. कौरव भावांत बोलला तो एकटा विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ, आणि त्यालाही कर्णाने वयावर बोट ठेवून खाली बसवले. बाकीचे बहुतेक गप्प राहिले. त्या दिवशी वाईटपणा कोणीच घेतला नाही, म्हणून पुढे अठरा दिवसांत अठरा अक्षौहिणी संपल्या.

येथे आमच्या कार्यकर्त्यांनी मिशीत हसू नये. संघटनेच्या बैठका वेळेवर सुरू होतात, वेळेवर संपतात, चपला बाहेर ओळीत लावलेल्या असतात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु वेळेवर सुरू झालेल्या बैठकीतही पानठेला शिरू शकतो. 'अपेक्षित पंचवीस, उपस्थित अकरा' हे वृत्त आपण शांतपणे लिहून घेतो. उरलेले चौदा का आले नाहीत, हे अकरापैकी चौघांना ठाऊक असते. ते सांगतात कधी, तर परतीच्या वाटेवर, दुचाकीवर, मागे बसलेल्याच्या कानात. प्रवासी कार्यकर्त्याने "काही सूचना?" असे विचारावे, क्षणभर शांतता असावी, आणि त्याने ती शांतता संमती म्हणून वहीत नोंदवावी. मी स्वतः ही नोंद अनेकदा केली आहे. शिस्तीचा गुण अंगी असलेल्या माणसांना हा दोष लवकर जडतो, कारण गप्प बसणे त्यांना शिस्तीसारखेच दिसते.

आता जरा गावाबाहेर पडू. आपण सुशिक्षित मंडळी ज्या वनवासी बांधवांना सभाशास्त्र शिकवायला जातो, त्यांच्याकडे बैठक कशी होते ते पाहू. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर साधारण तीस किलोमीटरवर मेंढा हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव आहे. ग्रामपंचायत लेखा गावची, म्हणून बाहेर ते मेंढा-लेखा या नावाने ओळखले जाते. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा हे तेथील पुढारी. पण त्यांना पुढारी म्हटलेले त्या गावच्या रीतीत बसणारे नाही. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल तेथे ऐंशीच्या दशकात गेले ते सर्वसहमतीने निर्णय घेणारे गाव कसे चालते याचा अभ्यास करायला, आणि जन्मभर त्या गावाचे होऊन राहिले. 2025 च्या जानेवारीत ते गेले. मोहनभाऊ सर्वोदयी परंपरेतले. आमचे त्यांच्याशी अनेक मुद्द्यांवर जमले नसते. परंतु बैठक कशी घ्यावी हे शिकायचे असेल, तर त्यांनी ज्या गावाचे शिष्यत्व पत्करले त्या गावाकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचाही आक्षेप असेल, तर विषय पुढे ढकलतात आणि त्या एकाचे म्हणणे काय ते पुन्हा ऐकतात. स्त्री आणि पुरुष दोघांनीही सभेला यावे, असा दंडक. दारूचा प्रश्न निघाला तेव्हा देवकार्यात लागणाऱ्या मोहाच्या दारूचे काय, या आक्षेपालाही जागा द्यावी लागली. आणि आमच्या पानठेल्याची त्या गावाने काय व्यवस्था लावली आहे ती तर फारच पाहण्यासारखी. ग्रामसभेखेरीज तेथे अभ्यासगट असतो. ज्याला ज्या विषयात रस असेल त्याने तेथे यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, वाटेल तितका वाद घालावा. पण अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि त्यात बाहेरच्याला स्थान नाही. म्हणजे बैठकीबाहेरची चर्चा त्या गावाने उघड्यावर आणली, तिला कामाला लावले आणि तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. आमच्याकडे नेमके उलट आहे. सभेत चर्चा नाही, आणि पानठेल्याच्या हाती मात्र कुऱ्हाड.

अशा बैठकीने मिळवले काय, हा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पुढे बांबूवरून वनखात्याशी वाद झाला. बांबू गवत की झाड, यावर शासकीय कागद फिरत राहिले आणि वाहतूक परवाना काही मिळेना. गाव हटले नाही आणि फुटलेही नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला यावे लागले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. शंभर घरांच्या गावाने दिल्ली आणि मुंबई एकाच दिवशी आपल्या दारात आणली. आम्हाला बारा जणांच्या कार्यकारिणीतून एक छप्पर शाकारता आले नाही.

सर्वसहमतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. एकाच्या हट्टापायी सगळे अडेल! पोलंडच्या जुन्या संसदेत कोणत्याही एका सदस्याला उभे राहून 'मला मान्य नाही' म्हणता येई आणि तेवढ्यावर सारे अधिवेशन बरखास्त होई. 1652 मध्ये हा अधिकार प्रथम वापरला गेला. शेजारच्या राजांनी एकेका सदस्याला पैसे चारून ती संसद वर्षानुवर्षे बंद पाडली आणि शेवटी पोलंडचे राज्यच वाटून घेतले. मग मेंढ्याचे असे का होत नाही? पोलंडचा तो सदस्य नकार देऊन घोड्यावर बसून निघून जात असे. मेंढ्यातल्या माणसाला नकार दिल्यानंतर तेथेच राहायचे असते. कारण सांगायचे असते, पुढच्या सभेला पुन्हा यायचे असते आणि ज्यांना अडवले त्यांच्याच सोबत धानाची रोवणी करायची असते. नकाराला तेथे किंमत मोजावी लागते, म्हणून नकार खरा असतो. अर्थात प्रत्येक गाव मेंढा नाही, आणि शंभर घरांची रीत चंद्रपूर महापालिकेला लागू करा असे मी म्हणत नाही. लहान गावात सहमतीच्या नावाखाली दुबळ्यावर दडपणही येऊ शकते. पण दडपण आहे की नाही हे कळण्यासाठीही दुबळ्याने तोंड उघडावे लागते, आणि ते उघडेपर्यंत सभेने थांबावे लागते.

या दोन जिल्ह्यांत बैठकीची खोड म्हणजे नुसता विनोद राहत नाही, याचे कारण येथे ग्रामसभेच्या ठरावावर जंगल अवलंबून आहे. 1996 च्या पेसा कायद्याने आणि वनहक्क कायद्याने बांबू, तेंदूपत्ता, जंगलाची राखण, हे विषय ग्रामसभेच्या हाती दिले. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे साध्या ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती पुरते. आणि ती न झाल्यामुळे तहकूब केलेली सभा पुन्हा भरली, तर गणपूर्तीची अटच उरत नाही! म्हणजे पहिल्या सभेला कोणी आले नाही, तर दुसऱ्या सभेला कोणी न आले तरी चालते. वनहक्काच्या निर्णयांसाठी नियम कडक आहे. तेथे निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. 2008 च्या मूळ नियमांत तर दोनतृतीयांश उपस्थिती हवी होती. 2012 मध्ये ती निम्म्यावर आणली गेली.

कायदा असा, आणि वागणूक कशी? सभा अकराची. साहेबांची गाडी दीडला. सकाळपासून झाडाखाली बसलेल्या बायाबापड्यांचे तेंदूपत्ता तोडायचे दिवस, म्हणजे अडीच तासांची मजुरी गेली. साहेब खुर्चीवर, गाव जमिनीवर. ठराव तालुक्याहून टंकलिखित होऊन आलेला, अशा मराठीत की मलाच तो दोनदा वाचावा लागला. आणि ऐकणारे गोंडी-माडिया बोलणारे. वाचन संपण्यापूर्वी सह्यांचा कागद फिरू लागतो. न आलेल्यांच्या सह्या संध्याकाळी घरोघर. सगळीकडे असेच चालते असे नाही. जमिनीवर बसून गोंडीत ठराव समजावणारे ग्रामसेवक मी पाहिले आहेत. पण हा दुसरा प्रकार वाचकांपैकी ज्यांनी या भागात काम केले आहे त्यांना नवा वाटणार नाही. तेंदूपत्त्याच्या लिलावाच्या आदल्या रात्री दोन-तीन 'प्रमुखां'ना भेटून जाणारा कंत्राटदारही त्यांना ठाऊक असेल. ती त्या गावची पानठेल्यावरची बैठक. तिची मिठाई मात्र थोडी महाग.

या जंगलाने आणखी एका प्रकारची बैठक पाहिली आहे, आणि तिच्याविषयी विनोद करवत नाही. रात्री गावाला उठवून जमवायचे, बंदूकवाल्यांनी मध्ये बसायचे, आरोपी खाली बसवायचा, आणि ज्याचा निकाल आधीच ठरला आहे अशा त्या प्रकाराला 'जनअदालत' म्हणायचे. तेथेही विचारत, "कोणाला काही म्हणायचे आहे?" तेथेही शांतता असे, आणि तेथेही ती संमती म्हणून नोंदवली जाई. खबऱ्या ठरवलेला माणूस सकाळी रस्त्यावर मिळे. चार दशके या गावांनी तोंड मिटण्याचे शिक्षण असे घेतले आहे. 2025 च्या ऑक्टोबरात मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे ठेवली, तेव्हा त्या बैठकीचा धाक ओसरल्याचे सर्वांनाच जाणवले. मग प्रश्न उरतो तो आमचा. बंदुकीच्या भीतीने गप्प बसलेले गाव आता तोंड उघडू पाहील, तेव्हा त्याच्यापुढे आपण काय घेऊन जाणार? टंकलिखित ठराव, उशिरा येणारी गाडी आणि सह्यांचा कागद? भीतीने मिळवलेली शांतता आणि उर्मटपणाने मिळवलेली शांतता यांत गावाला फरक कळतो, पण इतिवृत्तात दोन्ही सारख्याच अक्षरात लिहिल्या जातात.

तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या शिलालेखाचे आपण व्याख्यानांतून कौतुक करतो. दहाव्या शतकातील चोल राजवटीत तेथील ग्रामसभेने समितीवर कोणी असावे आणि कोणी नसावे याचे नियम दगडावर कोरून ठेवले. त्यांतला एक नियम असा, की समितीवर राहून ज्याने हिशोब दिला नाही, तो पुन्हा अपात्र. आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. हा नियम आज आमच्या शहरातल्या उत्सव मंडळांना लावला, तर कार्यकारिणी भरण्यासाठी बाहेरगावाहून माणसे मागवावी लागतील. पूर्वजांचा दगड दाखवून टाळ्या घेणे सोपे आहे. त्या दगडापुढे आपली वही उघडायची म्हटले की खर्रा आठवतो.

वाचनालयाच्या पुढील बैठकीसाठी मी चिटणीसांकडे तीन गोष्टी मागितल्या आहेत. इतिवृत्त बैठकीतच लिहून बैठकीतच वाचावे. ठरावाच्या आधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे आणि बाहेर गेलेला परत येईपर्यंत थांबावे. ज्याचा विरोध असेल त्याचे कारण त्याच्याच शब्दांत नोंदवावे. चिटणीस म्हणाले, "कल्पना उत्तम आहे, मी पूर्ण सहमत आहे." त्याच सायंकाळी पानठेल्यावर ते काय म्हणाले, हे मला दुसऱ्या दिवशी दोघांनी येऊन सांगितले. त्या दोघांना मी म्हणालो, हे बैठकीत सांगा. ते म्हणाले, "उगाच वाईटपणा कशाला?"

बैठक येत्या रविवारी, ठीक पाच वाजता आहे. छपराचा विषय पुन्हा पहिला. लेखापालांचा कूलर आता दुरुस्त झाला आहे, तेव्हा पंख्याखालची खुर्ची मला मिळण्याचा संभव आहे.